कॉलरखालची गाठ

पडदा वर जातो तेव्हा समोर लातूर आहे. औसा रोडच्या आतल्या अंगाची एक गल्ली. दर दुसऱ्या घरावर पोरांच्या वसतिगृहाची पाटी आणि दर खांबावर कुणा ना कुणा सरांच्या क्लासचा फलक. सकाळचं तिरपं ऊन एका दुकानाच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबलंय. आत पायमशीन, मागे दोरीवर टांगलेले आकाशी शर्ट. सगळे एकाच कापडाचे, आत माणूस नसलेले, वारा आला की एकदम हलणारे. डाव्या बाजूला भिंतीला टेकून, पाटावर एक बाई बसलीय. मांडीवर शर्टांचा ढीग, हातात सुई. ती सुलतानबी. मशीनवर वाकलेला, पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा माणूस तिचा नवरा, खाजामियाँ. गल्लीत त्याला सगळे मास्टर म्हणतात. वैशाख पेटलाय, पंखा गरम हवा फेकतोय, समोरच्या वसतिगृहातली पोरं बनियनवर हिंडताहेत, आणि ह्या माणसानं मात्र शर्टाचं सगळ्यात वरचं बटण गळ्याला घट्ट लावून घेतलंय.

त्या बटणामागे काय होतं, ते तेव्हा फक्त त्यालाच माहीत होतं.

खाजामियाँ मूळचा नांदेडचा, इतवाऱ्यातला. बाप शिंपी, आजा शिंपी. पण ह्याच्या कात्रीला लहानपणीच नाटकाचा नाद लागला. गावातल्या हौशी नाटक मंडळीचा कपडेपट त्याच्याकडे असायचा. अंधार झाला की दोन प्रवेशांच्या मधल्या तेवढ्या उसंतीत राजाचा भिकारी करायची युक्ती त्याचीच: अंगरखा पाठीमागून नुसता आकड्यांवर अडकवलेला, ओढला की आतून फाटकं कुडतं बाहेर. त्या मंडळीत राजाचं काम करायचा उद्धव. आवाज खणखणीत, मान जाड, आणि नवा कपडा अंगावर चढला की तक्रार ठरलेली. खाजामियाँ त्याच्या कॉलरमध्ये आपली दोन बोटं घालून गोल फिरवायचा आणि म्हणायचा, गळ्यात दोन बोटं फिरली पाहिजेत राजे, न्हाई तर शब्द आतच राहतो. पुढे गिऱ्हाईक कलेक्टर असो की हमाल, माप घेताना ही दोन बोटं चुकली नाहीत.

त्या घराची कामाची एक रीत होती. जो कापतो आणि शिवतो, तो काजाला हात लावत नाही. काज घरच्या बाईनं करायचं. सुलतानबी मुदखेडहून नवरी होऊन आली ती सासूच्या हाताखाली काज शिकली. बारीक, घट्ट, कडेला एक आडवा टाका. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी ओळखावं असं. भांडण झालं, अबोला झाला, तरी शर्ट मशीनवरून उतरला की तिच्या मांडीवर जाऊन पडायचा आणि काज होऊन परत यायचा. कितीतरी अबोले असे शर्टांवरूनच मिटले.

भूकंप झाला त्या साली किल्लारीच्या बाजूला देशभरातून कपड्यांचे ट्रक आले. कोटाचे ढीग, पोरींचे झालरींचे फ्रॉक, परक्या मापाचे ब्लाउज. नाटक मंडळीनं मदतीला जायचं ठरवलं तेव्हा खाजामियाँनं हातमशीन उचललं आणि सुलतानबीनं सुयांचा डबा. एका ताडपत्रीखाली बसून दोघं दिवसच्या दिवस लोकांच्या अंगावर दुसऱ्यांचे कपडे बसवत राहिली. पारूबाई नावाची एक म्हातारी होती, घरातलं कुणी उरलं नव्हतं तिचं. ती येऊन म्हणाली, मास्टर, ह्यो ब्लाउज गळ्याला लागतोय, रडाया बी येईना. खाजामियाँनं गळा उसवून सैल करून दिला. म्हातारीनं तो तिथंच अंगात घातला आणि ताडपत्रीच्या कडेला बसून पोटभर रडली. सुलतानबी काज सोडून तिच्याजवळ जाऊन बसली. ती दोघं नांदेडला परतायच्या बोलीवर आली होती, परतली नाहीत, लातुरातच राहिली.

मग लातूरला शिकवण्यांचे दिवस आले. कुठल्या कुठल्या गावांहून पोरं येऊ लागली, मुखेडची, कंधारची, उदगीरची. उद्धवनं नाटक सोडून पदार्थविज्ञानाचा क्लास काढला. राजाचा आवाज तिथं फळ्यापुढे कामाला आला, आणि उद्धवचा उद्धव सर झाला. त्यानं खाजामियाँला बोलावून सांगितलं, माझ्या सगळ्या सैन्याचा पोशाख तू शिवायचा. तेच ते आकाशी शर्ट.

चांगलं चाललं होतं. मग मशीनच्या पायट्यावरचे खाजामियाँचे पाय सुजायला लागले. आधी चप्पल घट्ट झाली, मग डोळ्यांखाली पिशव्या आल्या. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला, कुणाला पत्ता नाही. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या आटल्या, घरातल्या कुणीतरी आपली एक द्यावी लागेल. मुलगी कहकशां कंधारला दिलेली, तेव्हा पोटुशी. नांदेडचा धाकटा भाऊ हो म्हणाला, आणि तपासणीच्या दिवशी त्याच्या सासऱ्याची तब्येत अचानक बिघडली. सुलतानबीनं काजाचा दोरा दातानं तोडला आणि एवढंच म्हणाली, माझी बघा.

हैदराबादच्या दवाखान्यात तिची किडनी जुळली. तिच्या कुशीवर टाके पडले, आणि ह्याच्या पोटात तिचा ऐवज बसला.

परत आल्यावर गल्लीनं कौतुक केलं. चहाच्या टपरीवरचा सिद्रामप्पा, जिभेला हाड नसलेला माणूस, म्हणाला, "मास्टर, आता अर्धी बायको तुमच्या पोटात हाय. भांडायचं झालं तर कुणाशी भांडणार?" सगळे हसले. खाजामियाँही हसला, चहाही त्यानंच पाजला. पण ते वाक्य कुसळासारखं आत राहिलं. पुरुषानं बायकोला द्यायचं असतं, अशा घरात तो वाढलेला. त्या दिवसापासून सुलतानबी वाकून हंडा उचलायला गेली की हा मशीन सोडून धावायचा. ती वैतागायची. डॉक्टरांनी तिला सगळी कामं करायची मोकळीक दिली होती. ह्याच्या मनानं दिली नव्हती. गोळ्या मात्र त्यानं नमाजासारख्या सांभाळल्या. सकाळ-संध्याकाळ, एकही चुकली नाही. ती थट्टा करायची, माझी चीज हाय, नीट वापरा. तो मान डोलवायचा. त्याला ती थट्टा वाटतच नसे.

तिसऱ्या वर्षी त्याला गळ्यापाशी काहीतरी लागलं.

सवयीनं कॉलर सारखी करायला बोटं आत घातली आणि ती फिरेनात. आधी वाटलं धुऊन कापड आटलं असेल. त्यानं बटण जरा सरकवून लावलं. मग अंगठ्याला मानेच्या उजव्या अंगाला गाठ लागली. न दुखणारी, रबरासारखी. थोड्या दिवसांनी तिच्या खाली दुसरी. संध्याकाळी अंग कोमट होऊ लागलं, उशीची खोळ घामानं भिजू लागली. तो आपणच उठून खोळ बदलायचा आणि दोरीवर टाकायचा.

त्याच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते टीबीचं. इतवाऱ्यात एका चुलत्याला गळ्यात गाठी येऊन टीबी झालेला त्यानं पाहिला होता. आता ह्या गल्लीत कुणाला कळलं तर? पोरांच्या आया गावाकडून येऊन खोल्या बदलतील, उद्धव सरांच्या शर्टांना कुणी हात लावणार नाही. हे कारण त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं कारण होतं, ते तो स्वतःशीही उच्चारत नव्हता. त्या बाईनं आपलं अंग चिरून दिलं आणि ह्याला ते धड तीन वर्षंसुद्धा सांभाळता आलं नाही. कोणत्या तोंडानं सांगायचं तिला? तपासणीला हैदराबादला जायची तारीख आली तेव्हा क्लासची गर्दी आहे म्हणून त्यानं ती पुढे ढकलली. पुन्हा आली, पुन्हा ढकलली.

आणि शिंपीच तो. त्यानं आपली लाज कापडात शिवली. स्वतःसाठी नवे शर्ट बेतले. कॉलर इंचभर मोठी, उंच, आत जाड बकरम घातलेलं, ताठ उभी राहणारी. नाटकात म्हाताऱ्या सरदाराचा लोंबता गळा झाकायला तो असंच करायचा. पण शर्ट शिवून झाले आणि तो अडला. काजं कोण करणार? सुलतानबीच्या मांडीवर हा शर्ट गेला की तिच्या बोटांना कॉलर कळणार, आणि ती मान वर करून ह्याच्या गळ्याकडे बघणार. म्हणून ती पाण्याला गेल्यावर, पाठमोरा बसून, ह्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः काजं केली. वेडीवाकडी, सैल, कडेला आडवा टाका नाही.

तिथं तो चुकला.

सुलतानबी शर्ट धूत होती. पिळण्याआधी बटणं सोडायची तिची सवय. अंगठा काजात गेला आणि थांबला. तिनं दुसरं काज चाचपलं, तिसरं चाचपलं. मग ओला शर्ट हातात घेऊन, पाणी निथळत, ती तशीच दुकानात आली.

"हे कुणाच्या हातचं हाय?" तिनं विचारलं.

खाजामियाँच्या पायाखालचं मशीन थांबलं.

"मी विचारून राहिले तुम्हाला. तीस-बत्तीस वरसं ह्या अंगावर माझ्याबिगर दुसऱ्याचं काज आलं न्हाई. आता कोण करून देऊन राहिलं?"

तिला काय वाटलंय ते त्याच्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. आणि मग ह्या सरळ माणसाच्या मनात असा विचार आला, की त्याची आठवण पुढे कैक दिवस त्याला मान वर करू देईना. वाटू दे. दुसरी बाई आहे असं तिला वाटलं तर वाटू दे. ते ह्याच्यापेक्षा बरं. तो खाली बघत राहिला, आणि त्याच्या त्या गप्प बसण्यानं तिला मिळायचं ते उत्तर मिळालं. तिनं ओला शर्ट मशीनवर टाकला, मांडीवरचे आकाशी शर्ट उचलून बाजूला ठेवले आणि सुई डब्यात घालून झाकण लावलं. त्या घरात अबोला खूपदा झाला होता. काजं बंद मात्र कधी पडली नव्हती.

शर्ट वेळेवर गेले नाहीत म्हणून उद्धव सरांनी चौकशी केली, तेव्हा सुलतानबीच त्यांच्या दारात गेली. काय बोलली ते कुणाला ठाऊक नाही, पण उद्धव सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली: तो जेवतो का? ती म्हणाली, भाकरी चतकोरावर आलीय. सर उठले.

दुकानात शिरताना त्यांनी जुना राजाचा आवाज काढला. लग्न आहे घरात, झब्बा शिवायचा आहे, मास्टर, उठा, टेप काढा. खाजामियाँ उठला. उठताना त्याला मशीनचा आधार घ्यावा लागला, तेही सरांनी पाहिलं. त्यानं छाती मापली, बाही मापली, गळ्याशी आला आणि आपली दोन बोटं आत घालू लागला. सरांनी त्याचं मनगट धरलं.

"इतकी वर्षं तू माझं घेतलंस. आज मी तुझं घेतो."

खाजामियाँ मागे सरला, पण मागे भिंत होती. उद्धव सरांनी आपली दोन बोटं त्याच्या त्या उंच, ताठ कॉलरमध्ये घातली. ती आत गेली आणि अडली. सरांचा चेहरा, ज्यानं हजार प्रेक्षकांपुढे कधी दगा दिला नव्हता, तो एकदम उतरला. त्यांनी वरचं बटण सोडलं. दारात सुलतानबी उभी होती. बकरम बाजूला झालं आणि मानेवरच्या गाठी उजेडात आल्या, एकीखाली एक.

ती जवळ आली. इतके दिवस मनात धरलेला राग तिच्या तोंडावर होता, तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"मी काय समजले होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला तसं समजू दिलं."

"हाव," खाजामियाँ म्हणाला. "लाज वाटली मला. तुझी चीज जपता आली न्हाई."

दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन हैदराबादला निघाली. उद्धव सरांनी गाडी दिली, क्लास दुसऱ्यावर सोपवला आणि सोबत आले.

गाठीचा तुकडा काढून तपासला. तो टीबी नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सावकाश समजावलं. एक विषाणू असतो, तो बहुतेक सगळ्यांच्या अंगात लहानपणीच शिरतो. थोडा ताप येतो, जातो, कुणाला कळतही नाही. मग तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत आयुष्यभर झोपून राहतो. शरीराचे पहारेकरी त्याला उठू देत नाहीत. पण बाहेरून आलेली किडनी शरीरानं परकी म्हणून हाकलू नये, यासाठी ज्या गोळ्या देतात, त्या ह्याच पहारेकऱ्यांना गुंगी आणतात. क्वचित कुणाच्या नशिबी असं येतं की पहारा ढिला पडतो, विषाणू उठतो आणि त्या पेशी बेसुमार वाढतात. त्याच्या ह्या गाठी. लिम्फोमा म्हणतात, गाठींचा कॅन्सर. त्यांचं काही चुकलेलं नाही, गोळ्या त्यांनी नीट घेतल्या; फक्त दाखवायला उशीर केला. आता पहिला उपाय म्हणजे त्याच गोळ्या कमी करायच्या, म्हणजे पहारेकरी जागे होतील. लागलं तर सलाईनमधून औषध द्यायचं. यात किडनी हातची जाऊ शकते.

खाजामियाँ एवढा वेळ खाली बघत होता. त्यानं मान वर केली आणि स्वच्छ सांगितलं की गोळ्या कमी करायच्या नाहीत. सलाईन लावा, काय कापायचं ते कापा, पण किडनीला धक्का नको. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि जीव गेला तर? तो म्हणाला, जीव माझा हाय, ती किडनी माझी न्हाई. उद्धव सर त्याच्यावर चिडले. त्यानं ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. तरी नाही.

सुलतानबी पुढे सरकली. ती हळूच म्हणाली, "बाई, हा जंतू माझ्याकडून गेला का ह्यांच्यात? किडनीबरोबर?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. बहुधा त्यांचा स्वतःचाच, लहानपणापासूनचा असणार, त्या म्हणाल्या. एवढ्या वयाच्या माणसात तो असतोच. पण तुमच्याकडून आलाच नाही असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. आणि आला असला तरी त्यात तुमचा दोष नाही.

शेवटचं वाक्य सुलतानबीनं ऐकलंच नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, गळ्याशी मुठीत घट्ट धरला आणि मान खाली घातली.

खाजामियाँनं ते पाहिलं. ती मूठ बरोबर तिथंच होती, जिथं एवढे महिने ह्याचं बटण होतं. ह्याला वाटत होतं लाज आपली एकट्याची आहे, आपण ती झाकून ठेवली म्हणजे तिच्यापर्यंत पोचणार नाही. ती पोचली होती, आणि तिला तर झाकायला कॉलरही नव्हती. दिलेल्या हातालाच खाली बघायला लावलं आपण, असं त्याच्या मनात आलं.

"गोळ्या कमी करा, बाई," तो म्हणाला. "किडनी गेली तर गेली. ही अशी मान घालून बसलेली मला बघवत न्हाई."

गोळ्या कमी झाल्या, सलाईनमधून औषधही गेलं. गाठी विरघळायला वेळ लागला, पण विरघळल्या. किडनीही लगेच गेली नाही. कुरकुरत, थकत, ती आणखी काही वर्षं चालली. खाजामियाँ परत मशीनवर बसला. आता त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी असायची आणि सिद्रामप्पा म्हणायचा, मास्टर ह्या वयात हिरो झाले. उंच कॉलरीचे ते शर्ट सुलतानबीनं उसवले. बकरम काढून पोरांच्या कफांत घातलं. वेडीवाकडी काजं मात्र तिनं एका चिंधीसह कापून सुयांच्या डब्यात ठेवली. कुणी आलं की ती दाखवायची आणि म्हणायची, ही माझी सवत. खाजामियाँ कानापर्यंत लाल व्हायचा. प्रत्येक वेळी. त्याची ती लाज काही गेली नाही, पण ती आता उजेडात बसून चहा पिणारी लाज होती.

किडनी थकली तेव्हा लातुरातच डायलिसिस सुरू झालं. ती म्हणाली, चीज होती तेवढी वापरली. तो म्हणाला, फुकट घालवली न्हाई ना? ती म्हणाली, नका बोलू तसं.

शेवटच्या आजारात त्याची नजर गेल्यासारखीच झाली होती. ईद जवळ आली होती. उद्धव सर पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. उद्धव सरांच्याच ताग्यातल्या आकाशी कापडाचा नवा शर्ट घेऊन सुलतानबी आली. कापून-शिवून दिला होता दुकानात नव्यानं ठेवलेल्या कारागिरानं; खाजामियाँला ते ठाऊक होतं आणि त्यानं तोंड फिरवलं होतं. तिनं शर्ट त्याच्या हातात दिला. त्यानं आधी कॉलर चाचपली, आत दोन बोटं फिरवून पाहिली. मग अंगठा पट्टीवरून खाली खाली नेला, एका काजात घातला, कडेच्या आडव्या टाक्यावर थांबवला आणि तसाच बराच वेळ ठेवला.

"हे तुझंच हाय," तो म्हणाला. "घाल मला."